पडद्यामागच्या मुलींची दखल: शालेय नाटकासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

शालेय नाटकाचा प्रयोग संपतो, कलाकार रांगेने पुढे येऊन अभिवादन करतात, टाळ्यांचा गजर होतो आणि त्याच वेळी विंगेतल्या अंधारात एखादी मुलगी दुसऱ्या अंकातला कंदील, पत्र आणि काठी यादीशी ताडून खोक्यात ठेवत असते. तिचे नाव आपल्याला माहीत असते. तिने नेमके काय केले, असे कोणी विचारले तर मात्र 'तिने खूप मदत केली' यापुढे आपल्याला फारसे काही सांगता येत नाही. शाळेत नाटक बसवणारे शिक्षक, त्यांना साहाय्य करणारे पालक आणि शाळेचा कारभार पाहणारी मंडळी यांना ते सांगता यावे, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

एखाद्याचे काम ओळखणे आणि त्याला ओळख मिळवून देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले झाल्याशिवाय दुसरे नीट होत नाही. जे काम आपण पाहिले नाही, त्याची दाद स्नेहसंमेलनाच्या दिवशी घाईघाईने द्यायला गेलो, तर ती सगळ्यांना सारखीच लागू पडणारी आणि म्हणून कोणालाच न भिडणारी होते. त्यामुळे पुढच्या टप्प्यांपैकी निम्म्याहून अधिक टप्पे प्रयोगाच्या आधीचे आहेत.

पडद्यामागे राबणाऱ्या मुलग्यांकडेही दुर्लक्ष होते, आणि येथे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यांनाही लागू पडतात. तरीही मुलींचा वेगळा विचार करावा लागतो, कारण त्यांचे काम झाकले जाण्याला आणखी दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्यांचे काम कौशल्याऐवजी स्वभावाच्या खात्यावर जमा होते. मुलाने दिव्यांची जोडणी केली तर तो तंत्र जाणणारा ठरतो. मुलीने बारा जणांचे पोशाखबदल मिनिटामिनिटाच्या हिशेबाने बसवले तर ती 'मुळातच नीटनेटकी' ठरते. दुसरे कारण कामवाटपातले आहे. मुली वेशभूषा, रंगभूषा आणि प्रॉपर्टीकडे (म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंकडे) वळवल्या जातात, दिवे, ध्वनी आणि सुतारकाम मुलांकडे जाते, आणि मग पारितोषिक मात्र 'तांत्रिक कामा'साठी ठेवले जाते. बक्षीस ठरवताना कोणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो. तो कित्येक आठवडे आधी, कामे वाटतानाच होऊन गेलेला असतो.

पहिला टप्पा: कामांची पूर्ण यादी करा

पात्रनिवड जाहीर करण्यापूर्वी, नाटकाच्या संहितेवरून पडद्यामागच्या प्रत्येक कामाची यादी करावी. नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा, प्रॉपर्टी आणि प्रॉम्प्टिंग (विसरलेले वाक्य विंगेतून सुचवणे) ही नावे सगळ्यांना सुचतात. यादी करायला बसले की त्यांच्यामध्ये लपलेली कामे दिसू लागतात: तालमीच्या वेळा सगळ्यांना कळवणे, गैरहजर पात्राच्या जागी उभे राहून वाक्ये वाचणे, मंचावर चिकटपट्टीने जागा आखणे, संहितेतले बदल सर्वांच्या प्रतींत पोहोचवणे, प्रयोगापूर्वी घाबरलेल्या लहान मुलांना शांत करणे, फाटलेला पोशाख ऐन वेळी टाचणे, प्रयोगानंतर मंच झाडून सेट उतरवणे. ही कामे कोणाच्या नावावर लिहिलेली नसतात, म्हणून जी मुलगी पुढे होते तिच्या अंगावर पडतात आणि शेवटी कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. प्रत्येक कामाला नाव द्यावे, त्याला लागणारा वेळ अंदाजाने लिहावा आणि ते करण्यासाठी काय येणे आवश्यक आहे, हेही एका ओळीत लिहावे.

ही यादी पात्रांच्या यादीबरोबर, त्याच दिवशी आणि त्याच फलकावर लावावी. नाटकात काम न मिळालेल्यांसाठी उरलेली सोय म्हणून पडद्यामागचा विभाग जाहीर झाला, की त्यानंतर दिलेली कोणतीही दाद त्या पहिल्या दिवसाचा ठसा पुसू शकत नाही. कित्येक मुली अभिनयासाठी नाव न देता थेट प्रकाश किंवा नेपथ्य मागतात. त्यांना तसे मागता येईल, असा रकाना नावनोंदणीच्या कागदावर असलाच पाहिजे.

दुसरा टप्पा: वाटप करताना सवयीला थांबवा

यादी तयार झाल्यावर प्रत्येक मुलीकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: तिला आधीपासून येणारे एक काम आणि शिकायचे असलेले एक काम. वाटप करताना शक्य तेथे दोन्ही द्यावीत. शिलाई येणाऱ्या मुलीला दर वर्षी शिलाईच दिली, तर आपण तिच्या कौशल्याचा मान राखतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात आपण तिला एकाच खोलीत अडकवून ठेवतो. याउलट सगळ्या मुलींना वेशभूषेतून काढून दिव्यांकडे नेणे हाही उपाय नव्हे, कारण त्यातून वेशभूषा हे कमी दर्जाचे काम आहे, हा समज पक्का होतो. वेशभूषेत मापे, कापडाचा अंदाज, काळाचा अभ्यास आणि प्रकाशात रंग कसा बदलतो याची जाण लागते. ते पूर्णपणे तांत्रिक काम आहे आणि त्याला तसेच म्हणावे.

मुलींना प्रकाशाचे काम जमेल का, असा प्रश्न आजही कोणी विचारला, तर त्याचे उत्तर रंगभूमीच्या इतिहासात आहे. अमेरिकी रंगभूमीवर प्रकाशयोजना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा करणाऱ्यांमध्ये जीन रोझेन्थल (१९१२–१९६९) यांचे नाव अग्रभागी आहे. ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर संगणकाधारित प्रकाशनियंत्रण प्रथम वापरले ते थॅरन मसर यांनी, १९७५ साली 'अ कोरस लाइन' या संगीतिकेसाठी. पडद्यामागच्या गटाच्या पहिल्या बैठकीत या दोघींची कामे सांगितली, तर मुलींना आपण कोणाच्या तरी मागोमाग चाललो आहोत, ही जाणीव मिळते. आणि तीही एक प्रकारची ओळखच आहे.

सुरक्षेचे नियम मात्र सगळ्यांना एकच असावेत. शिडीवर चढणे, वीजजोडणी करणे, नेपथ्याचे जड फ्लॅट (उभ्या चौकटी) उचलणे ही कामे जाणत्या प्रौढाच्या देखरेखीखालीच व्हावीत आणि प्रशिक्षण झाल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत. ती केवळ मुलगी आहे म्हणून नाकारू नयेत, एवढीच काळजी घ्यावी.

तिसरा टप्पा: नोंदवही ठेवा

सगळ्या टप्प्यांपैकी एकच करणे शक्य असेल, तर हा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पडद्यामागचे काम उत्तम झाले की ते दिसत नाही, हा त्या कामाचा गुणधर्म आहे. जपानी काबुकी रंगभूमीवरचे कुरोको काळा पोशाख घालून प्रेक्षकांसमोरच वस्तू हलवतात, आणि त्यांना 'न पाहण्याचा' संकेत प्रेक्षकही पाळतात. शालेय नाटकातही काळे कपडे घालून मंच बदलणाऱ्या मुलीचे यश तिच्या न दिसण्यावर मोजले जाते. दिवा वेळेवर लागला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तो तीन सेकंद उशिरा लागला तर सगळे सभागृह मागे वळून पाहते. अशा कामात स्मरणशक्तीच्या भरवशावर राहिले, तर आठवणीत फक्त चुका उरतात. म्हणून नोंद हवी.

नोंदवही साधी असावी. प्रत्येक विभागाची एक वही, प्रत्येक तालमीला अर्धे पान. त्यात चार गोष्टी लिहाव्यात: कोण किती वेळ हजर होती, आज काय केले, कोणती अडचण आली, आणि ती कोणी कशी सोडवली. यातला चौथा रकाना सर्वांत मोलाचा आहे. 'पोशाख तयार केले' ही नोंद उपयोगाची नाही. 'तिसऱ्या प्रवेशानंतर पोशाख बदलायला फक्त ४० सेकंद मिळतात, म्हणून सदऱ्याची बटणे काढून त्या जागी आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली आणि वरून खोटी बटणे शिवली. आता ३० सेकंदांत बदल होतो' ही नोंद उपयोगाची आहे, कारण तिच्यात प्रश्न, विचार आणि निकाल तिन्ही आहेत. पुढे प्रशस्तिपत्र लिहायची वेळ येईल, तेव्हा हेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे वापरता येते.

मुलींना स्वतःच्या कामाविषयी असे लिहायला सुरुवातीला संकोच वाटतो. 'आम्ही सगळ्यांनी मिळून केले' असे त्या लिहितात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. अशा वेळी शिक्षकाने तालमीनंतर पाच मिनिटे काढून विचारावे: 'ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली? पहिला प्रयत्न फसला तेव्हा काय बदलले?' उत्तर मिळाले की ते नावासह लिहायला सांगावे. ज्या दिवशी शिक्षकाला स्वतःला एखादी गोष्ट दिसली, त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने वहीत एक ओळ लिहून खाली सही करावी. महिन्याभरात अशा पाच-सहा ओळी झाल्या, तरी त्या मुलीला कळते की आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे. आणि प्रयोगाच्या दिवशीच्या टाळ्यांपेक्षा या जाणिवेवर ती अधिक काळ तग धरते.

चौथा टप्पा: अधिकार द्या

दाद देण्याचा एक प्रकार असा आहे की ज्यात शब्दही लागत नाहीत. व्यावसायिक रंगभूमीच्या अनेक परंपरांमध्ये प्रयोग सुरू झाला की त्याची सूत्रे दिग्दर्शकाच्या हातून रंगमंच व्यवस्थापकाकडे जातात. प्रत्येक प्रकाशबदल, प्रत्येक ध्वनी आणि प्रत्येक पडदा त्याच्या किंवा तिच्या 'गो' या शब्दावर होतो. शाळेत ही भूमिका एखाद्या मुलीला द्यायची असेल, तर नावापुरती देऊ नये. रंगीत तालमीपासून क्यू (प्रत्येक बदलाचे इशारे) तिनेच द्यावेत, संकेत लिहिलेली संहितेची प्रत तिच्याच टेबलावर असावी, आणि तिने 'पाच मिनिटे' अशी सूचना दिली की सर्व कलाकारांनी 'धन्यवाद, पाच' असे उत्तर द्यावे. सूचना ऐकली, एवढेच सांगण्यासाठी ही पद्धत आहे, पण तिच्यामुळे दर वेळी त्या मुलीच्या कामाची पोच मिळते.

शिक्षकाची खरी परीक्षा येथे होते. तिने क्यू उशिरा दिला, तर शिक्षकाने मागून ओरडून तो देऊ नये. एकदा तसे झाले की त्या क्षणापासून दिव्यांवरची मुले तिचा आवाज सोडून शिक्षकाचा आवाज ऐकू लागतात. चूक तालमीनंतर, दोघांतच बोलावी. कलाकार वाक्य विसरला की आपण जेवढ्या समजुतीने घेतो, तेवढ्याच समजुतीने तीही घ्यावी. मी स्वतः एका रंगीत तालमीत सगळ्यांसमोर अशीच घाई केली होती, आणि त्या मुलीने पुढच्या तीन तालमींत प्रत्येक क्यूच्या आधी माझ्याकडे पाहिले. तिचा आत्मविश्वास परत यायला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस आमच्या हातात मुळात नव्हतेच.

पाचवा टप्पा: कौतुकाचे शब्द निवडा

पडद्यामागच्या मुलींसाठी आपल्या तोंडी ठरलेले शब्द येतात: मदत, सांभाळून घेणे, धावपळ, गुणी, समजूतदार. हे शब्द वाईट नाहीत, पण ते माणसाचे वर्णन करतात, कामाचे नाही. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधकांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की हुशारीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर कच खातात आणि सोपे काम निवडतात, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अवघड काम पत्करतात आणि त्यात टिकून राहतात. 'तू मुळातच जबाबदार आहेस' हे वाक्यही गुणाचीच स्तुती आहे, आणि त्याचे ओझे मुलींना चांगलेच ठाऊक असते: जबाबदार ठरलेल्या मुलीला पुढच्या खेपेला 'नाही' म्हणण्याची मुभाच उरत नाही.

उपाय क्रियापदांत आहे. 'मदत केली' ऐवजी 'आखले', 'मोजले', 'बांधले', 'शिवले', 'दुरुस्त केले', 'ठरवले', 'शिकवले' असे नेमके क्रियापद वापरावे. 'तिने प्रॉपर्टीत मदत केली' याऐवजी 'तिने ४२ वस्तूंची प्रवेशवार यादी केली, टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा आखली आणि दोन्ही प्रयोगांत एकही वस्तू चुकली नाही' असे म्हणावे. वाक्य लांबते, हे खरे. पण खोट्या स्तुतीला त्यात जागाच राहत नाही, आणि ऐकणाऱ्या बाकीच्या मुलांनाही काम कसे असते हे कळते. नोंदवही असेल तर अशी वाक्ये शोधावी लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट. भाषणात 'पडद्यामागच्या अदृश्य हातांना धन्यवाद' असे म्हणण्याची पद्धत आहे. ते कानाला गोड वाटते, पण त्या हातांना नावे असतात. नावे घेण्याइतका वेळ नसेल, तर भाषण दुसरीकडे आखडते घ्यावे.

सहावा टप्पा: छापील नाव

कार्यक्रमपत्रिकेत पात्रपरिचय पूर्ण पानभर आणि खाली बारीक अक्षरांत 'पडद्यामागे: इयत्ता नववीच्या विद्यार्थिनी' असा उल्लेख अनेकांनी पाहिला असेल. हे टाळण्यासाठी पत्रिका छपाईला जाण्याच्या किमान दहा दिवस आधी पुढील दक्षता घ्यावी. प्रत्येक मुलीचे पूर्ण नाव तिने स्वतः लिहून दिलेल्या शुद्धलेखनानुसार घ्यावे. नावापुढे तिचे नेमके काम द्यावे. 'साहाय्य' हा सर्वसमावेशक शब्द अगदीच नाइलाज असेल तरच वापरावा. अक्षरांचा आकार कलाकारांच्या नावांइतकाच ठेवावा. छपाईपूर्वीची प्रत पडद्यामागच्या गटालाच तपासायला द्यावी, म्हणजे राहून गेलेले नाव वेळेवर सापडते. एखादी मुलगी मध्येच आजारी पडली किंवा परीक्षेमुळे थांबली असेल, तरी तिने केलेल्या कामापुढे तिचे नाव राहिलेच पाहिजे.

जाहिरातीच्या फलकावर सगळी नावे मावत नाहीत. तेथे निदान नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्था या विभागांच्या प्रमुखांची नावे दिग्दर्शकाच्या नावासोबत द्यावीत.

छायाचित्रांचे थोडक्यात: तालमीच्या दिवशी एका व्यक्तीकडे फक्त पडद्यामागची छायाचित्रे घेण्याचे काम सोपवावे, प्रयोग चालू असताना फ्लॅश वापरू नये, कपडे बदलण्याच्या जागेत कॅमेरा नेऊ नये, आणि कोणतेही छायाचित्र बाहेर लावण्यापूर्वी त्या मुलीची आणि तिच्या पालकांची संमती घ्यावी. ओळीत उभे करून काढलेल्या छायाचित्रापेक्षा कामात गुंतलेल्या हातांचे छायाचित्र अधिक काही सांगते.

सातवा टप्पा: मंचावरचे अभिवादन, आणि तेथे न येण्याचा हक्क

प्रयोगानंतर पडद्यामागच्या सगळ्यांना मंचावर बोलावणे ही चांगली प्रथा आहे, पण ती ऐन वेळी सुचली तर फसते. दिव्यांवरची मुलगी सभागृहाच्या मागच्या टोकाला असते आणि तिने जागा सोडली तर मंचावर अंधार होईल. ध्वनीवरच्या मुलीला शेवटचे संगीत चालू ठेवायचे असते. अशा वेळी ज्या धावत येऊ शकतात त्याच मुली प्रेक्षकांना दिसतात, आणि सर्वांत जोखमीचे काम करणाऱ्या पुन्हा अंधारातच राहतात. म्हणून अभिवादनाचीही तालीम करावी. कलाकारांनी आपले अभिवादन झाल्यावर एकत्र हात उंचावून प्रकाश-ध्वनी कक्षाकडे निर्देश करावा, त्या कक्षात एक लहानसा दिवा लावावा म्हणजे प्रेक्षकांना मागे वळून पाहता येईल, आणि निवेदकाने तेथील दोन-तीन नावे घ्यावीत. यासाठी एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. दोन प्रयोग असतील, तर एका प्रयोगात शेवटचा क्यू देण्याचे काम शिक्षकाने करून त्या मुलीला मंचावर पाठवता येते. मात्र हे तिला आधी विचारूनच करावे, कारण शेवटचा क्यू स्वतः देणे हाच तिच्या दृष्टीने सोहळा असू शकतो.

विचारणे येथे फार महत्त्वाचे आहे. काही मुली पडद्यामागे आल्या त्या प्रेक्षकांच्या नजरेपासून दूर राहून काम करता येते म्हणूनच. त्यांना अचानक प्रकाशात ओढणे म्हणजे आपल्या समाधानासाठी त्यांना संकटात टाकणे होय. प्रयोगाच्या आठवडाभर आधी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारावे: मंचावर येशील, की जागेवरूनच नाव घेतलेले चालेल, की फक्त पत्रिकेत नाव असावे? तिन्ही उत्तरे सारख्याच मानाची समजावीत. 'लाजू नकोस, ये' असा आग्रह धरू नये. तिला अंधार आवडतो याचा अर्थ तिला दाद नको असा होत नाही. ती दाद कोणत्या वाटेने पोहोचावी, एवढेच ती ठरवते आहे.

आठवा टप्पा: पारितोषिके

पारितोषिक हा सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत बेसावधपणे वापरला जाणारा मार्ग आहे. पडद्यामागच्या कामांना मोठ्या रंगभूमीवरही पारितोषिकांत जागा मिळायला वेळ लागला. ब्रॉडवेवरील नाटकांना दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्कारांत प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र विभाग १९७० साली सुरू झाला. ध्वनिरचनेचा विभाग २००८ साली आला, २०१४ साली बंद करण्याचा निर्णय झाला, आणि रंगकर्मींच्या विरोधानंतर २०१८ च्या सोहळ्यात तो परत आला. जे काम ऐकूनही वेगळे जाणवत नाही, त्याची पारख करायला परीक्षकालाही शिकावे लागते. शाळेत पारितोषिक ठेवायचे असेल तर आधी परीक्षकाला एक तास विंगेत उभे करावे. फक्त प्रेक्षागृहात बसून पडद्यामागच्या कामाचा निकाल देता येत नाही.

'उत्कृष्ट पडद्यामागील कार्य' असे एकच पारितोषिक ठेवू नये. शिलाई, क्यू देणे आणि सेट उभारणे यांची एकमेकांशी तुलना होऊच शकत नाही. मग निकाल स्वभावावर लागतो आणि सर्वांत हसतमुख मुलीला बक्षीस मिळते. विभागवार पारितोषिके द्यावीत, ती अभिनयाच्या पारितोषिकांमध्ये मिसळून, त्याच मानाने जाहीर करावीत, आणि देताना नोंदवहीतले एक वाक्य कारण म्हणून वाचावे.

बक्षिसाचे आमिष मात्र दाखवू नये. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना आधीच 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे सांगितले होते, त्यांची आवड नंतर कमी झालेली दिसली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड तशी कमी झाली नाही. जी मुलगी स्वतःहून रात्री घरी बसून कागदाचा मुकुट तिसऱ्यांदा बनवते, तिच्यासमोर गुणांचे गाजर धरू नये. तिचा मुकुट हातात घ्यावा, नीट पाहावा, आणि तो कसा जमला ते तिला विचारावे.

पारितोषिकापेक्षा तासांची मोजणी अधिक न्याय्य ठरते, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत १९२९ साली स्थापन झालेल्या आणि शालेय नाट्यकर्मींना सदस्यत्व देणाऱ्या इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटीत अभिनयाप्रमाणे पडद्यामागच्या कामालाही गुणांक मिळतात, आणि साधारण १० तासांच्या कामाला एक गुणांक असा त्याचा ढोबळ हिशेब असतो. कोणत्याही शाळेला आपल्या नोंदवहीवरून अशी मोजणी करता येते. तास मोजले की बरेचदा असे दिसून येते की नाटकातल्या प्रमुख पात्राइतकाच, किंवा अधिकही, वेळ वेशभूषेच्या मुलींनी दिलेला असतो. आणि तो आकडा फलकावर लावला, तर वेगळे भाषण करावे लागत नाही.

नववा टप्पा: लेखी दाखला आणि घर

सर्वांना एकाच मजकुराचे छापील प्रमाणपत्र देण्याऐवजी प्रत्येकीसाठी पाच-सहा ओळींचे पत्र लिहावे. त्यात कामाचे नाव, कालावधी, तास, वापरलेली साधने, सोडवलेला एक प्रश्न आणि तिने इतर कोणाला काही शिकवले असल्यास त्याचा उल्लेख असावा. उदाहरणार्थ: 'हिने दोन प्रयोगांसाठी रंगमंच व्यवस्थापक म्हणून ६० तास काम केले. ८७ प्रकाश आणि ध्वनी संकेतांची प्रत तयार केली. पहिल्या प्रयोगात मध्यंतरानंतर ध्वनियंत्र बंद पडले असता तिने पडदा अडीच मिनिटे थांबवून कलाकारांना जागेवर ठेवले आणि पर्यायी यंत्र जोडून घेतले.' हे पत्र पुढच्या प्रवेशाच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या अर्जाला किंवा मुलाखतीला उपयोगी पडते, कारण त्यात नियोजन, निर्णय आणि संयम यांचा पुरावा असतो. वीस मुली असतील तर वीस पत्रे लिहायला दोन संध्याकाळी लागतात. त्या काढाव्यात.

घरच्यांना हे काम दिसावे, यासाठीही काही करावे लागते. अभिनय करणाऱ्या मुलीचे आई-वडील तिला मंचावर पाहतात. विंगेतल्या मुलीचे आई-वडील दीड तास बसूनही तिला पाहू शकत नाहीत, आणि उशिरापर्यंतच्या तालमी कशासाठी होत्या, हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो. प्रयोगापूर्वी अर्धा तास किंवा नंतर वीस मिनिटे पालकांसाठी पडदा उघडा ठेवावा. प्रत्येक मुलीने आपल्या आई-वडिलांना, आजीला किंवा धाकट्या भावाला आपली जागा दाखवावी: प्रॉपर्टीचे टेबल, संकेतांची प्रत, पोशाखांची रांग, दिव्यांचे नियंत्रण. माहिती मुलीनेच सांगावी. शिक्षकाने बाजूला उभे राहावे. ते शक्य नसेल, तर पालकांना तालीम सुरू होतानाच एक चिठ्ठी पाठवून मुलगी काय काम करणार आहे आणि प्रयोगात कोणत्या क्षणी तिचे काम दिसेल, ते कळवावे. 'तिसऱ्या प्रवेशात पाऊस सुरू होईल, तो तुमच्या मुलीने तयार केला आहे' एवढे वाचून आलेला पालक त्या पावसाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

दहावा टप्पा: सेट उतरल्यानंतर

प्रयोगानंतरच्या आठवड्यात पडद्यामागच्या गटाची एक वेगळी बैठक घ्यावी. अभिनय करणाऱ्या मुलांच्या बैठकीत ती उरकू नये. काय जमले, काय तुटले, कोणते साधन कमी पडले आणि पुढच्या वेळी कामवाटप कसे असावे, हे मुलींकडूनच ऐकावे आणि त्यांची निदान एक सूचना पुढच्या नाटकात अमलात आणावी. ज्या मुलीने यंदा ध्वनी शिकून घेतला, तिला पुढच्या वर्षी त्या विभागाची प्रमुख म्हणून विचारावे, आणि सातवी-आठवीतल्या दोघी-तिघींना तिच्या हाताखाली द्यावे.

नोंदवह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ती लिहिणाऱ्या मुलींची नावे आणि नाटकाचे वर्ष लिहून, त्या शाळेच्या ग्रंथालयात नाटकाच्या संहितेशेजारी ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तालीम सुरू होण्याआधी नव्या गटाला त्या वाचायला द्याव्यात, आणि ४० सेकंदांच्या पोशाखबदलाचे पान आले की ते लिहिणारी मुलगी आता दहावीत कोणत्या तुकडीत आहे, हेही सांगावे; म्हणजे शंका आली तर त्यांना तिच्याकडेच जाऊन विचारता येईल.